मुकादमांवर केलेली बळजबरी

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या आणि तुझ्याच मते बिनडोक भाच्याचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, वजनही वाढलंय. तुझा गुडघा काय म्हणतो? (लेप लावत नसशील, तर तसं खरं लिही.)

पत्राला उशीर झाला, कारण मध्यंतरी माझ्यामुळे एका भल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. हा भला माणूस म्हणजे आमच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्याचे मुकादम. झालं असं, की दोन्हीकडच्या सरकारांनी करार केलाय: परदेशी कामगाराचा पासपोर्ट कामगारापाशीच राहायचा, मालकाने अडकवून ठेवायचा नाही. नियम सोन्यासारखा आहे. (निघण्याआधीच्या वर्गात तो आम्हाला पाच वेळा सांगितला, मी पुढच्याच बाकावर होतो.) पण आपल्या घरात शाळेच्या दाखल्यापासून विम्याच्या कागदापर्यंत सगळं तुझ्या पत्र्याच्या डब्यात. वडीलधाऱ्यांच्या हवाली केल्याशिवाय मला चैनच पडत नाही. आता इथे वडीलधारं कोण? मुकादम. ते नको नको म्हणत असताना मी पासपोर्ट त्यांच्या खणात कोंबला. त्यांनी दोनदा परत दिला, मी तिसऱ्यांदा ठेवला. शेवटी त्यांनी हात टेकले.

आणि नेमक्या मजूर खात्याच्या तपासनीस बाई आल्या. खण उघडतात तो आत माझा पासपोर्ट. बाईंनी मला वेगळ्या खोलीत नेलं, पाणी दिलं, फोनवर आपल्या भाषेतला दुभाषी जोडून दिला. घाबरू नकोस, बळजबरी कोणी केली ते सांग, म्हणाल्या. मी म्हटलं, मीच केली. दुभाष्याने तीनदा विचारलं. फॉर्मवर पासपोर्ट हिसकावणाऱ्याच्या नावाला रकाना होता, कोंबणाऱ्याच्या नव्हता. मी मुकादमांची जितकी स्तुती करावी, तितका बाईंचा संशय वाढे. (धमकावलेला माणूस असाच बोलतो म्हणे.) मला रडू फुटलं. आत्या, खरंच फुटलं. मग तुझ्या डब्याची हकीकत सांगितली, विम्याच्या कागदासकट. दुभाषी हसायलाच लागला. त्याच्या आईकडेही तसाच डबा आहे. तेव्हा कुठे बाईंनी मुकादमांना समज देऊन सोडलं आणि हुकूम काढला: प्रत्येक कामगाराला कुलपाचं कपाट. आम्ही अठरा जण, ती अठराही कपाटं मीच केली. पासपोर्ट आता माझ्या कपाटात आहे, मुकादम खूश, दोन्ही सरकारं खूश, आणि मी एकदाचा शहाणा झालो.

तुझा,
सुतार भाचा

ता. क. गेल्या आठवड्यात पार्सलने तुला एक किल्ली आली असेल. ती याच कपाटाची. डब्यात ठेवलीच असशील.

आणखी ता. क. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला माझा करार वाढवायचा आहे. त्या वेळी बाई समोर उभ्या राहून मला माझ्या हाताने पासपोर्ट काढायला लावणार आहेत. तेव्हा किल्ली उलट टपाली पाठव. (कपाट फोडलं असतं, पण ते मी फारच मन लावून केलंय.) मुकादमांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना आत्ता कुठे झोप लागायला लागली आहे.