दारासमोरची फळी

४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि तेही सोयीचं तेवढंच, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या नर्सबाईंनी मला सगळं सांगितलंय. तुझ्या त्या खेळण्यातल्या रेल्वेच्या फळीखालून वाकून बाहेर पडताना कंबर धरली आणि तू दोन तास जमिनीवर पडून होतास. हाका ऐकून त्या रांगत आत आल्या, गुडघे खरचटून घेतले, आणि तू त्यांना पहिलं विचारलंस ते मालगाडी रुळावर आहे ना. मला आधी हसू आलं, मग रडू आलं.

दादा, खोलीच्या चारी भिंतींना फळ्या लावल्यास ते ठीक. पण दारासमोरूनही एक नेलीस, म्हणजे आत जायचं तर प्रत्येकाने वाकायचं. वहिनी चहाचा कप घेऊन, थेंबही न सांडता खालून यायची, तेव्हा मला तिचं कौतुक वाटायचं. माझे गुडघे तेव्हाही ऐकत नव्हते. पंधरा वर्षं मी दारातूनच टाचा उंचावून तुझी गाडी पाहतेय.

आता नीट ऐक. एक तर ते सगळं आवरून माझ्याकडे राहायला ये, नाहीतर ती फळी काप आणि माणसाला ताठ उभ्याने आत येता येईल असं काहीतरी कर. तिसरी वाट नाही. तू फिटर, मी शिंपीण. कापायला घाबरणारी आपली जात नव्हे.

राग आला तरी चालेल, पण पत्र आलं पाहिजे.
तुझ्याइतकीच हट्टी,
चिमी


२७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं फर्मान मिळालं. तुझ्याकडे येत नाही. तुझं घर मुलासुनांनी भरलेलं आहे, तिथे मी म्हणजे कापडातून उरलेली चिंधी. फळी मात्र कापली.

करवत घेऊन तीन दिवस नुसता उभा होतो. ते रूळ तुझ्या वहिनीने धरले होते आणि मी खिळे ठोकले होते. एका ठिकाणी तिच्या बोटाला हातोडी लागली होती, ती जागा मला अजून सांगता येते. नेमकी तिथून चार बोटं सोडून कापली.

आता गंमत ऐक. चाळीस वर्षं छापखान्याची यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाने बिजागऱ्या फळीच्या खाली बसवल्या. उचलायला गेलो तर रुळांची टोकं एकमेकांना भिडली आणि वाकली. मग अक्कल आली. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावले, बिजागऱ्या रुळांहून वर चढवल्या, तेव्हा कुठे फळी पेटीच्या झाकणासारखी अलगद वर गेली. शिवाय कडेला एक पितळी पट्टी बसवली आहे. फळी उचलली की ती पट्टी सुटते, सगळ्या रुळांची वीज जाते आणि गाडी जिथल्या तिथे थांबते. नाहीतर इंजिन थेट खाली, आणि ते मी या वयात पाहू शकणार नाही.

आता वाकायचं कारण उरलं नाही, म्हणून फळीखालची जागा प्लायवूडच्या दाराने बंद केली, फळी उचलल्याशिवाय ते उघडत नाही. गाडी चालू असताना फळी हलू नये म्हणून आतल्या अंगाला कडी आहे. आत गेलो की लावून घेतो. चित्र सोबत जोडलंय. एवढं सफाईचं काम निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झालं. बघ आणि शाबासकी पाठव.

कंबर बरी आहे. विचारलं नव्हतंस, तरी सांगतो.
लोभ कमी झाला असेल तर पुरता भरून पाठवावा.
दादा


६ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

शाबासकी पाठवणार होते, पण चित्र दुसऱ्यांदा पाहिलं आणि हातातली सुई खाली ठेवली. खाली प्लायवूड, वर फळी, आणि कडी आतून. उद्या तू पुन्हा पडलास तर नर्सबाईंनी कुठून यायचं? आधी निदान रांगता येत होतं. आता तू स्वतःला पेटीत घालून झाकण लावून घेतलंस.

पाठीला हुकं असलेला झगा शिवायला आला की मी गिऱ्हाइकाला विचारते, घरी हुकं लावून द्यायला कोणी आहे ना. नसेल तर पुढून लावते. तू तेच केलंस, सगळी हुकं पुढून, एकट्याला जमतील अशी. तुझ्या हातून अशी चूक होत नाही रे. विचारू नये, पण विचारते. फळीच्या बाहेर कोणी उभं असेल हे तुझ्या मनातच आलं नाही ना?

अठरा तारखेला येतेय. स्टेशनवर यायचं नाही. मी थेट त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहीन, आणि आत कशी येते ते तू ठरव.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच एवढं बोलते.
चिमी


१२ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या मार्चमधल्या पत्राचं उत्तर मी दिलं नव्हतं आणि तू आलीस तेव्हाही तो विषय टाळला. आज देतो. नाही आलं मनात. तुझी वहिनी गेल्यापासून मी दारात दुसरं माणूस धरून कशाचंच माप घेतलेलं नाही. पत्र वाचून चार दिवस कोणाशी बोललो नाही, बोलायला कोणी नव्हतं हा भाग वेगळा. पाचव्या दिवशी कडी काढली आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडेल अशी बसवली.

त्या दिवशी मी पाठमोरा होतो. तुझी पावलं मला ऐकू आली नाहीत. मालगाडी बोगद्याच्या तोंडाशी एकदम थांबली, म्हणून वळलो, तर तू फळी उचलून उभी. पंधरा वर्षांनी तू खोलीच्या मध्यावर आलीस, खुर्चीत बसलीस, आणि तासाभरात माझी गाडी तीनदा रुळावरून पाडलीस. इतकं वाईट ड्रायव्हिंग मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. नर्सबाई मधे एकदा डोकावल्या, त्यांना ड्यूटीची घाई होती. खुर्ची मी उचललेली नाही.

परवा दुपारी गाडी पुन्हा बोगद्याशी थांबली. मी वळलोसुद्धा नाही. ये चिमे म्हणालो आणि पायाने खुर्ची तुझ्याकडे सरकवली. मग वळलो. फळी बंद होती. ती पितळी पट्टी सैल झाली आहे, तिच्यामुळे वीज मधेच जाते. घट्ट करायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पेचकस खिशातच असतो. अजून केलेली नाही. दिवसातून दोनतीनदा गाडी आपली आपण थांबते, आणि मी दर वेळी वळून बघतो.

यायचं झालं तर आधी कळवू नकोस. कडी बाहेरूनही उघडते.

दादा