बोटांना माशाचा वास

शनिवार, १२ जून २०२१, उइटहॉर्न, नेदरलँड्स

लग्नानंतर एकदा सुधीर आणि मी पवई तलावाच्या काठी कणीस खात बसलो होतो. गळ टाकून बसलेल्या माणसाकडे बघत तो म्हणाला, "एवढं ताटकळण्यापेक्षा बाजारातला काय वाईट?" आज सुधीरच गळ धरून होडीत बसला होता. गाइडबरोबरची ही तळ्यावरची सहल आमच्या लेकीने, मुग्धाने, हट्टाने ठरवलेली. हिवाळ्यात कोविड झाला तेव्हापासून सुधीरला कशाचाच वास नाही. जेवण म्हणजे पुठ्ठा चावणं. हे आता असंच राहणार, असं मी मनात धरलंच होतं. बोलले नाही एवढंच.

गाइड होडीच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. पट्ट्यापट्ट्यांचा बार्स मासा लागला. सुधीरने तो स्वतः सोडवला. मग बोटं नाकाशी नेली.

"अगं, घाण वास येतोय!"

"कसला?"

"कसला काय, माशाचा! हुंग की!"

माझ्या तोंडून 'थँक यू, लॉर्ड' निघून गेलं. कॉन्व्हेंटची सवय. भास तर नसेल ना? पण घरी येईपर्यंत तो बोटं हुंगत होता, हात धुवायला तयार नाही. सगळे वास परत येतील? कोण जाणे. सुरुवात तर झाली.

लहान मासे गाइडने परत सोडायला लावले, तीन ठेवू दिले. उद्या एक तळून शेजारच्या डच आजींना, बेल वाजवून कोविडच्या नियमाने मागे सरायचं. एक मुग्धाला, तिखट कमी. मोठा सुधीरला. आणि तळताना स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायचं, सुधीरपर्यंत वास जायला.