पहिल्या कोडेखोराची निरवानिरव

मी खाली सही करणार इसम, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा खलनायकी (निवृत्त), राहणार याच घराचा खालचा मजला, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे काम मी स्वतः पडद्यावर बरीच वर्षे केले असल्यामुळे ते कसे दिसते हे मला चांगले कळते. डॉक्टरांनी आज सकाळी मला वार विचारला, माझे नाव विचारले आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. वार आणि नाव सांगितले. वजाबाकी मला तरुणपणीही येत नव्हती, तेही सांगितले. त्यांनी तेच शुद्धीत असल्याचे लक्षण धरले.

इथपर्यंत भाषा वकीलबाईंच्या धाकाने लिहिली. पुढे मी बोलतो तसंच लिहिणार आहे.

ज्या न्यायाधीशांनी लहानपणी चित्रकथा वाचल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. कोडेखोर हा चित्रकथेतला बदमाश. तो बँक लुटायच्या आधी पोलिसांना एक कोडं पाठवतो, नायक ते सोडवतो आणि कोडेखोर पकडला जातो. कोडं न पाठवता गुपचूप लुटली असती तर आज बंगल्यात असता, पण त्याला पैशापेक्षा विचारायची हौस फार. या गृहस्थाला पडद्यावर पहिल्यांदा मी आणला. माझ्यानंतर आणखी तिघांनी आणला, आणि आम्हा चौघांतला दुसरा माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो.

हे मृत्युपत्र करायचं खरं कारणही तोच आहे. माझ्यामागे त्याने राहायचं कुठे? बाकी सगळं नुसतं सामान आहे. वकीलबाई म्हणाल्या, "महत्त्वाचं आधी लिहा." मी म्हटलं, बाई, खलनायक कधी पहिल्या रिळात पकडला जातो का? त्याचा निकाल शेवटी.

कलम एक. या मृत्युपत्रात एकही कोडं नाही. मुलीने फोनवर बजावलंय, "बाबा, सरळ लिहा हं. कोडीबिडी घालू नका, मला रजा मिळत नाही." तेव्हा कोणी कलमांची पहिली अक्षरं जुळवत बसू नये, भिंती ठोकून बघू नयेत, गादी उसवू नये. एवढं सांगूनही वकीलबाईंनी पहिली अक्षरं जुळवून पाहिली. काही निघालं नाही तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं.

कलम दोन. माझा कोट. काळे-पांढरे चौकोन, शब्दकोड्याच्या चौकटीसारखे, हे लोकांना माहीत आहे. लोकांना हे माहीत नाही की तो पिवळा आणि किरमिजी आहे. आमच्या काळी चित्रपट कृष्णधवल, आणि पांढरं कापड दिव्याखाली असं झगझगायचं की माणसाचं तोंडच दिसेना. म्हणून पांढऱ्याच्या जागी पिवळा आणि काळ्याच्या जागी किरमिजी. सेटवर मी सर्कशीतला तंबू दिसायचो आणि पडद्यावर थरकाप उडवायचो. चित्रपट संग्रहालयाचे अधिकारी कोट न्यायला आले, त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हा तो नव्हे." मी आत शिरून बटणं लावून दाखवली. तरी म्हणाले, "साहेब, आम्हाला अस्सल हवाय." तो कोट त्याच अधिकाऱ्यांना व्यक्तिशः देतो. संग्रहालयात ठेवायचा नाही. त्यांनी घरी न्यावा आणि रोज आरशासमोर घालून विचार करावा.

कलम तीन. काठी. ही पुरुषभर उंचीची पेन्सिल आहे, टोक खरं आहे, चांगली लिहिते. ही तिसरीला द्यावी. तिसरी म्हणजे लहान मुलांच्या कार्टूनमध्ये ज्यांनी कोडेखोराला आवाज दिला त्या बाई. बंद खोलीत, घरातल्या सपाता घालून, कानाला यंत्र लावून त्या बोलायच्या आणि बाहेर पोरं पलंगाखाली लपायची. सुरू करण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. "दादा, तुमचं हसणं थोडं घेऊ का?" एवढी रीत दुसऱ्या कोणी पाळली नाही. आम्हा चौघांत त्या सर्वांत सरस होत्या, हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो. त्यांना ना कोट मिळाला, ना टोपी, ना रस्त्यात कोणी ओळखलं. निदान काठी तरी मिळावी.

कलम चार. चौथा. याला आम्ही घरात गंभीर म्हणतो. त्याचा चित्रपट मोठा चालला, त्याबद्दल त्याचं अभिनंदन. तयारी करताना तो मला भेटायला आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ओठाला काही लागलंय. मग म्हणाला, "सर, कोडेखोराच्या बालपणी नेमकं काय घडलं असेल?"

मी म्हटलं, "बाबा रे, मला कल्पना नाही. आम्हाला सकाळी सातला रंगायला बोलवायचे."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुढे चित्रपट पाहिला. अडीच तास पाऊस, कोट करडा, हसणं बंद, आणि हा कुजबुजतोय. मी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाला हो? तो म्हणाला, मलाही कळलं नाही, पण भारी आहे. तरी माझं कानातलं यंत्र त्या चित्रपटगृहाला द्यावं. पुढचा भाग लागेल तेव्हा प्रेक्षकांनी आळीपाळीने वापरावं.

याला जोडूनच: हल्ली एक कंपनी संगणकावर माझा तरुण चेहरा करून पुन्हा कोडेखोर काढायचं म्हणते. परवानगी नाही. मेल्यावर तरी मला कोणी सकाळी सातला उठवू नये.

कलम पाच. बँकेत असेल ते, कपाटातली भांडी, हिची शिलाई यंत्रं (दोन, एक चालू) आणि घराची मालकी मुलीची. यात वाद नाही. वाद पुढे आहे.

कलम सहा. दुसरा.

रंगीत दूरदर्शन आलं आणि मला काढून याला घेतलं. कारण काय, तर याला कोलांटी मारता येते. दर भागात हा टेबलावर कोलांटी मारून मग कोडं विचारायचा. कोट मात्र खरोखर काळा-पांढरा! रंग आले आणि यांनी कोटातले काढले. तेही मी सोडून दिलं असतं. पण याने मुलाखतीत सांगितलं, "आधीचे गृहस्थ बरे होते, पण कोडेखोरात जीव मी ओतला." मला गृहस्थ म्हणाला. खलनायकाला! त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे मालिका बंद पडली, याचे गुडघे गेले, घरमालकाने बाहेर काढलं. आमच्या हिने कुठल्याशा समारंभात याला म्हटलं होतं, "कधी अडलंनडलं तर या." माणूस असं म्हणतोच. हा ट्रंक घेऊन आला! मी दारात उभा राहून म्हटलं, दोन महिने, त्याच्यावर एक दिवस नाही. ही आतून म्हणाली, "राहू द्या हो." राहू दिलं. ही गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. हा अजून वरच आहे.

रोज सकाळी पेपर घेऊन खाली येतो. आम्ही दोघं शब्दकोडं सोडवायला बसतो. आता लपवण्यात अर्थ नाही: आम्हा दोघांनाही कोडं सुटत नाही. गल्लीतले लोक वाकून नमस्कार करतात, पोरं अवघड अवघड प्रश्न घेऊन येतात, आणि आम्ही गडगडाटी हसून वेळ मारून नेतो. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून येतात तेव्हा कळतं की आडवं-उभं सगळं चुकलं, आणि मग चूक कोणाची यावर दुपारपर्यंत भांडण.

"तुझ्या आडव्या तीनने घात केला," मी म्हणतो.

"तुझ्या उभ्या तीनने माझ्या आडव्याची वाट लावली," तो म्हणतो. "मालिकेत मी असं कोडं चुटकीसरशी..."

"मालिकेत उत्तर पाठीमागे लिहिलेलं असायचं, दुसऱ्या!"

असं आमचं चालतं. माझा या माणसावर जीव आहे. लिहायला जड जातं, पण लिहिलं.

आता प्रश्न. मुलगी मागच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमच्यामागे हे घर ठेवणं मला झेपणार नाही. विकावं लागेल."

मी विचारलं, "आणि वरचा?"

"काकांचं बघू की काहीतरी."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, हे तिने लहानपणी सायकल मागताना चांगलं अनुभवलंय. पोरगी वाईट नाही, तिचा संसार आहे, तिची ओढाताण मला दिसते. शेवटी ती सायकल याच काकाने आणून दिली होती, तेही तिला आठवत असेल. पण दुसऱ्याचं जगात कोणी नाही. एक पुतण्या आहे, तो नवीन वर्षाला फुलांचं चित्र पाठवतो. या घराच्या एकाही कागदावर याचं नाव नाही. त्या दिवशी तो जिन्यात उभा होता, त्याने सगळं ऐकलं. खाली येऊन म्हणाला, "माझी काळजी नको. मी वृद्धाश्रमात जाईन आणि तिथे कोलांट्या शिकवीन." असं म्हणून हसला आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली. मी पेपरात तोंड घातलं.

तर ठरवलं ते असं. वरच्या दोन खोल्या, गॅलरी, जिना आणि जिन्याखालची त्याची ट्रंक यांवर दुसऱ्याचा तहहयात हक्क राहील. भाडं नाही. त्याला कोणी उठवायचं नाही, हलवायचं नाही, 'बघू' म्हणायचं नाही. मुलीने घर खुशाल विकावं, पण घेणाऱ्याने ते दुसऱ्यासकट घ्यावं, आणि तो सकाळी मोठ्याने हसण्याचा सराव करतो हे आधी सांगावं. माझ्या पैशातून जिन्याला कठडा बसवावा, दोन्ही बाजूंनी. त्याचे गुडघे बघता मी हे आधीच करायला हवं होतं, पण मग त्याला वाटलं असतं की मला त्याची काळजी आहे.

आणि आता सहीचं प्रकरण. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, हे याने जिन्यातूनच ऐकलं. याचं सगळं ऐकणं जिन्यातून. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट, केसांना कलप, खिशात स्वतःचं पेन, असा तयार होऊन खाली आला.

"कुठे करायची सही?"

"तुझी नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. डॉक्टर करतील आणि कोपऱ्यावरचा सलूनवाला येतोय."

"सलूनवाला!" त्याने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि माझी साधी सही चालत नाही तुला? पहिल्या, एवढा परका झालो का रे मी?"

मी म्हटलं, "वर जा."

गेला. तेव्हापासून वर खुर्ची फरफटवतोय, मुद्दाम, माझ्या डोक्यावर बरोबर. शब्दकोडं तसंच पडलंय.

कायदा असा आहे, वकीलबाईंनी दोनदा समजावला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला ते मिळत नाही. म्हणजे हा इस्त्रीचा शर्ट घालून, प्रेमाने, झोकात सही करणार आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं छप्पर घालवून बसणार. याच्या हातून असंच व्हायचं.

वकीलबाई म्हणतात, "मग त्यांना सांगून टाका ना. किती लागलंय त्यांना." नाही सांगणार. मी याला ओळखतो. सांगितलं तर रडेल, ते एक वेळ परवडलं. पण मग उपकार मानेल. सकाळी खाली येऊन म्हणेल, "तू म्हणशील तेच आडवं तीन." माझ्या प्रत्येक चुकीच्या उत्तराला मान डोलावेल. मग मी भांडू कोणाशी? मला शेवटपर्यंत हा असाच खवट, हेकट, माझ्याहून वरचढ असल्याच्या तोऱ्यात हवाय. रुसू दे. रुसलेला माणूस उद्या परत येतो, उपकाराखाली दबलेला येत नाही.

म्हणून मुलीला माझी एकच आज्ञा. मी गेलो त्या दिवशी, फोन करायच्या आधी, लोक जमायच्या आधी, वर जा. काकांना खुर्चीत बसव. आणि हे पुढचं त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

दुसऱ्या, सही नको म्हणालो, कारण वरचं घर तुझं केलंय. ऐकलंस? तुझं. आता ती खुर्ची फरफटवू नकोस. खाली ऐकायला मी नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, वकीलबाईंकडून कानाशी वाचून घेऊन, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: खालचा मजला, पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: शिक्क्यात आहे तोच.

लिहून ठेवणार: (सही) कोडेखोर, पहिला

साक्षीदार: वर सही करणाऱ्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही, हे समजून सह्या केल्या आहेत.

१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) कोपऱ्यावरचे सलूनवाले