ताईचा डावा हात

शुक्रवार, ३ जानेवारी

पोचले एकदाची! ताई बसस्टॉपवर घ्यायला आली होती. माझ्या दोन्ही बॅगा तिनेच उचलल्या आणि मला नुसती छत्री धरायला दिली. म्हणाली, मुंगीने मुंगीएवढंच ओझं न्यावं. मिठी मारली तेव्हा ती जरा अवघडल्यासारखी वाटली, पण दिवसभराच्या प्रवासाने माझाच अवतार झालेला, तिचा काय दोष.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खाली घरमालक, दातांचे डॉक्टर. ताई त्यांच्याच दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते. खोलीत दोन कॉट, एक आरसा आणि एक लंगडं टेबल. त्याच्या आखूड पायाखाली ताईने पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. सोमवारपासून माझी नोकरी सुरू. चष्म्याच्या काचा दिव्यासमोर धरून तपासायच्या. ओरखडा, बुडबुडा, लहर, काही दिसलं की काच बाजूला. ही नोकरी ताईनेच शोधली. म्हणे, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, हे काम तुझ्यासाठीच जन्माला आलंय.

आम्ही दोघी शाळेत उशिरा गेलो. त्याआधी बाबांनीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून. त्यांचे दोन नियम होते. दिवसाचं खरं त्याच दिवशी लिहून काढायचं, शिळं झालं की त्यालाही खोट्याचा वास लागतो. म्हणून ही रोजनिशी. आणि दुसरा, उजवा तळहात टेबलावर टेकवून जे बोलायचं ते खरंच बोलायचं. एरवी थोडं इकडचं तिकडं झालं तर बाबा कानाडोळा करत, पण हात टेकवल्यावर नाही. आता बाबा नाहीत. तरी हात टेबलावर असला की माझी जीभ खोट्याकडे वळतच नाही. आईचं तसंच, ताईचंही तसंच.

आईला फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आधीच तिने ओळखलं. मी म्हणे बोलण्याआधी नाकातल्या नाकात हसते.

शनिवार, ११ जानेवारी

आज पोकर शिकले! मी, जिने आजवर सापशिडीतही कधी चोरी केली नाही.

खाली डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर दर शनिवारी संध्याकाळी डाव मांडतात. डॉक्टर, शेजारच्या सिस्टर (आयुष्यभर नर्स होत्या, आता निवृत्त), कोपऱ्यावर शिवणकाम करणारी बॉबिन, आणि ताई. बॉबिनचं खरं नाव कुणी घेतच नाही. मी पाचवी. पैसे लावत असतील तर मी बसणार नाही, हे मी जिन्यातच सांगून ठेवलं होतं. पैसे नव्हतेच. बॉबिनच्या डब्यातली बटणं वाटून घेतात. माझं तोंड तरीही लिंबाएवढं झालेलं पाहून ताईने टेबलावर हात टेकवला आणि म्हणाली, नुसता खेळ आहे मुंगे, यात कुणाचं काही जात नाही. उजव्या हातात पत्ते होते म्हणून डावाच टेकवला, पण मला तेवढं पुरलं.

दोन पत्ते आपल्याला, पाच मध्ये सगळ्यांचे. खरी मजा थापेत आहे. हाती काही नसताना राजा-राणी असल्याचा आव आणायचा. मला ते कुठलं जमायला! सिस्टर म्हणाल्या, हिचा चेहरा म्हणजे सताड उघडी खिडकी, वाकून बघायचीसुद्धा गरज नाही. सगळे हसले, मीही हसले.

या टेबलाची एक रीत आहे. वाईट पत्ते आले की प्रत्येक जण नकळत काहीतरी करतो. कुणी आवंढा गिळतं, कुणी अंगठी फिरवतं. ती त्याची खूण. बटणं संपली की आपली एक खूण लावायची, आणि हरलो तर ती जिंकणाऱ्याची. माझी बटणं केव्हाच संपली. माझी खूण कुठली ते मलाच ठाऊक नव्हतं, ताईने सांगितली. ही घाबरली की कानामागे केस सारते. मी हरले. डॉक्टरांनी आपल्या चकचकीत टकलावरून बोट फिरवून कानामागे नसलेले केस सारले, तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

बॉबिन बोलताना उजवा तळहात टेबलावर टेकवते, थेट आमच्यासारखा! ताईचं पाहून सवय लागली असणार. मला आपल्या घरात बसल्यासारखं वाटलं.

आतल्या खोलीत खिडकीशी डॉक्टरांची बायको खुर्चीत बसलेली असते. तिला बरं नसतं म्हणे. मी जाऊन चौकशी केली. तिने माझ्याकडे पाहिलं, किंवा माझ्या दिशेने डोळे होते एवढंच.

सोमवार, २० जानेवारी

कामावर केस सारखे डोळ्यांवर येतात. हात वर जातच नाही. शेवटी सुपरवायझरबाईंनी आपली क्लिप दिली.

परवा पुन्हा हरले. या वेळी ताईने सांगितलेली खूण अशी, की नाही म्हणायच्या आधी मी खालचा ओठ दाताखाली धरते. ती सिस्टरनी जिंकली. आणि आज एक गंमत झाली, म्हणजे गंमतच म्हणायची. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आपल्या काचांचा खोका माझ्याकडे सरकवला, तू करतेस ना म्हणाली. मी नाही म्हणणार होते. शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. मग दुसरीनेही खोका सरकवला. मान मोडेपर्यंत काम केलं.

थकवा असेल. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, चांगलंच आहे की, किती किरकिर करायचीस. हे म्हणताना ती नाकातल्या नाकात हसली नाही. तीही पूर्वी तशी हसायची, बाबांसारखी. आम्ही दोघीही.

रविवार, २६ जानेवारी

काल खाली जायचं नव्हतं मला. सकाळपासून ठरवलं होतं. ताईने दारात उभं राहून विचारलं, येतेस ना? आणि मी चपला घातल्या.

माझं फोनवरचं हसू काल गेलं. ताईने लावलं आणि ताईनेच जिंकलं.

आज ताईच्या फोनवरून आईला फोन केला. मी हॅलो म्हटलं. आई म्हणाली, कोण बोलतंय? मी सांगितलं. ती म्हणाली, ताई, कोण मुलगी आहे गं ही तुझ्या फोनवर? मला वाटलं चेष्टा करते. तेवढ्यात ताईने माझ्या हातून फोन घेतला, नाकातल्या नाकात हसली, आणि आई पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलली की मला खोलीभर ऐकू आलं. हं, आता कशी बोललीस, मुंगे!

ताईने तिला दुरुस्त केलं नाही. माझ्या नोकरीचं, माझ्या जेवणाचं, सगळं माझ्या जागी सांगत राहिली. नंतर म्हणाली, आईला उगाच काळजी कशाला. मीही स्वतःला तेच सांगते आहे. ती ताई आहे. तिने माझ्या वेण्या घातल्या आहेत.

रविवार, २ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं. आजचं आजच.

काल माझं आणखी काय गेलं ते मला आठवत नाही. आज आरशासमोर उभी राहिले आणि काय कमी आहे ते शोधत बसले. कामावर शिकवलं आहे, निर्दोष काच दिव्यासमोर धरली की ती दिसतच नाही, बोटांना नुसती कड लागते. मला आतल्या खोलीतली खुर्ची आठवली.

मी बॉबिनच्या दुकानात गेले. झंपराची उसवलेली बाही शिवून घ्यायचं निमित्त केलं. मशीनपाशी तिचा हात टेबलावर टेकलेलाच होता, उजवा. मी विचारलं, ही सवय कुणाची?

ती म्हणाली, तुझ्या ताईची. मागच्या वर्षी मी जिंकली, आणि माझं वाटोळं झालं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणता येत नाही, कापड उरलं नाही म्हणता येत नाही. शिवणाऱ्याने खरं बोलायला लागल्यावर धंदा व्हायचा कसा? मी हसणार होते. तिने हात उचलला नव्हता. म्हणून मी पुढचं विचारत गेले आणि ती सांगत गेली, सुईत दोरा ओवत, शेजारणीच्या घरची हकिगत सांगावी तशी.

ताईकडे लावायला काही उरलं नव्हतं. ज्याचं सगळं संपतं तो खिडकीशी बसतो, डॉक्टरांची बायको बसली तसा. सुटायचं तर एकच वाट, आपल्याला तोंडपाठ असलेलं माणूस टेबलाशी आणायचं. कारण खूण ज्याची असेल त्यानेच लावायला हवी असं नाही. ती ज्याला पाठ आहे तोही लावू शकतो. तुला इथली नोकरी नशिबाने मिळाली का गं, म्हणाली, तिने दवाखान्यात येणाऱ्या तुझ्या मालकाचे पाय धरले होते.

मी विचारलं, मला आणायचं ठरवलं तेव्हा ताई रडली का?

बॉबिनने आपल्या हाताकडे पाहिलं. उचलायचा प्रयत्न करत असावी. मग म्हणाली, नाही. रडणं ती आधीच हरली होती.

निघताना तिने एवढं मात्र सांगितलं, तुझा तो हात तुझ्यापाशीच राहील. माझी गत बघितल्यापासून तो कुणालाच नकोय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रात्री ताईला आमच्या लंगड्या टेबलाशी बसवलं. हात टेकव म्हटलं. तिने डावा टेकवला. उजवा, मी म्हटलं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू मी तिला दुसऱ्याच कुणाचा तरी हात उचलायला सांगितला होता. तो मांडीवरून हलला नाही.

मग म्हणाली, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

मला म्हणायचं होतं, हे नाही. हे नाही केलं असतं. नाही हा शब्द —

ती वाट बघत होती. मग म्हणाली, बघ, तुझ्याकडेही उत्तर नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

बॅग भरली. जिन्यापर्यंत गेले. ताईने वरून विचारलं, राहतेस ना?

बॅग पुन्हा कॉटखाली.

काल ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती. माझे पत्ते तिने उचलले. माझं चालणं लावलं. हरवलं. सिस्टर आता जिना चढताना पायरीवर थोडं थबकतात. तशी मी थबकायचे.

आईला एकटीने फोन केला. राँग नंबर म्हणाली. गोड आवाजात म्हणाली, कुणाही परक्याला म्हणेल तशी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सुपरवायझरबाई माझ्याजवळून गेल्या, मग मागे आल्या, आणि माझ्याच टेबलाशी उभं राहून शेजारणीला विचारलं, ती नवी मुलगी आज आली नाही का.

ताई कानामागे केस सारते. डॉक्टरांकडून जिंकलं. आरशासमोर करून बघते. तिला छान जमतं. काल ती माझ्यासारखी कुशीवर झोपली होती, भिंतीकडे तोंड, पाय पोटाशी. मी उताणी पडून छताकडे बघत होते. मला कुठलीच कूस नाही.

आई येत्या रविवारी येणार आहे. तिने ताईला फोनवर सांगितलं. मुंगे, तुला बघून किती दिवस झाले, असं ताईला सांगितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कडी लावून घेतली आहे. ते दार वाजवत नाहीत. त्यांना माझी गरजच नाही —

खाली पत्ते पिसताहेत. इथपर्यंत ऐकू येतं. बटणांचा आवाज नाही. आज बटणं घेतलीच नाहीत.

उद्या आई येईल. ही वही तिच्या हातात पडली तर — गादीखाली ठेवते आहे. ती गाद्या उन्हात टाकते, कुठेही गेली तरी. आई गादी उचलेल.

डॉक्टर विचारताहेत, आता हिचं उरलंय काय?

पत्ते पिसायचे थांबले.

ताई. ताईचा आवाज. नाकातल्या नाकात हसली, माझं हसू, आणि म्हणाली — अहो उरलंय की. ती रोज लि—

पत्ते वाटले.

आई, घाईत लिहिते आहे. उद्या दारात जी तुझ्या गळ्यात पडेल ती ताई आहे. तुला ती माझ्यासारखी वाटेल. हसेल, केस मागे सारेल. मी आत असेन, खिडकीशी, दुसऱ्या खुर्चीत. मी बोलणार नाही. तुला वाटेल पेशंट आहे कुणी. जाऊ नकोस —

तीन पत्ते उघडले. सिस्टर हसल्या.

माझा हात घे. उजवा. डावा नाही. मला उचलता येणार नाही, तूच उचल आणि टेबलावर टेकव, बाबा टेकवायचे तसा, आणि मला विचार, तू कोण, एकदा विचार, हात तिथे असला की मी खरंच सां

शेवटचा पत्ता —

आई, विचार मला, तू को