गाडी चोरीला गेली नाही

बाबा, गाडी मीच नेली. पोलिसात जाऊ नका, आईपण माझ्यासंगच आहे.

बुटक्या सीटवरून आईच्या गुडघ्यांना उठणं होत नाही, म्हणून तुमी अ‍ॅम्बेसेडर विकून राहिले होते. मी सकाळी दवनीवाड्याच्या खुशालमामाच्या बैलबंडीची मोठी चाकं गाडीच्या चाकांशी अदलाबदलीत ठरवली. बंडीला दोनच चाकं असतात, हे तिथं पोचल्यावर आठवलं. दोन्ही मागं बसवली. मागची सीट सिंहासन झाली, ड्रायव्हर मात्र उतारावर बसतो. मामाचे बैल खाली वाकून बंडीकडे पाहून राहिले.

आज दोन वर्षांनी आई शेतातलं धान पाहायला निघाली. तुमचा भात झाकून ठेवला आहे. गिऱ्हाईक आलं तर चहा पाजून परत पाठवा. मागची सीट आईची आहे, अन् ती आता उतरायला तयार नाही.

— स्वप्निल