देवपूरच्या घराची खरी मालकीण

मी शेवंताबाई झुलाल पाटील, वय अंदाजे एकसष्ट, राहणार देवपूर, धुळे, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. मला लिहिता येत नाही. मी बोलते, वकिलांचे कारकून रुपचंद लिहितात. माझी भाषा फार सुधारू नका, असं त्यांना दोनदा बजावलं आहे.

१. देवपूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात सून सुनंदा हिने घ्यावं. मी ते तिला देते असं म्हणत नाही, कारण ते तिचंच आहे. माझा मुलगा तोताराम याने लग्नाआधी आयुष्याचा विमा उतरवला, तेव्हा कागदावर माझं नाव लावलं. लग्नानंतर ते बदलायचं राहिलं. तो गेल्यावर तीन हजार रुपये माझ्या हाती आले. नाव माझं म्हणजे पैसे माझे, असं मी धरून चालले आणि त्यातून हे घर घेतलं. आता वकील सांगतात, कागदावरचं नाव पैसे हाती घेणाऱ्याचं असतं, हक्क बायकोचा होता. पाच वर्षं सुनंदा स्वतःच्याच घरात माझी आश्रित होऊन राहिली आणि मी तिला तसं राहू दिलं. याची मला लाज वाटते.

२. माझ्या पाटल्या नात कुंदाला. तिचं लग्न झालं की सुनंदाने जावयाला विचारावं, पॉलिसीवर नाव कोणाचं? आईचं असेल तर बदलायला लावावं. रागावला तर रागावू दे. मी आई आहे, म्हणूनच सांगते.

३. या घरात मूठभरही कापूस साठवू नये. पेटत्या स्टोव्हात रॉकेल ओतू नये. कंदील खुंटीला टांगावा, अंथरुणाजवळ नाही. दाराशी वाळूची बादली असावी आणि तिच्यात पाहुण्यांनी विड्यांची थोटकं टाकू नयेत.

४. हे सगळं का, तेही लिहा. धरणगावजवळच्या आमच्या गावच्या घरात भाव येईपर्यंत माजघरात आढ्यापर्यंत कापूस असायचा. विम्याचा एजंट म्हणाला होता, कापूस गोदामात हलवा, मग घराचाही आगीचा विमा उतरवू. सुनंदाही तेच म्हणाली. मी म्हटलं, घरात आलेली लक्ष्मी मी बाहेर काढणार नाही. त्या कार्तिकात सुनंदा चहा करून, मुलीला घेऊन मळ्यात गेली. मी शेजारी हळदीकुंकवाला गेले. भर दुपारी घर पेटलं. मी आत आहे असं समजून तोताराम आत शिरला. तो बाहेर आला नाही.

गावाने ठरवलं, सुनेच्या स्टोव्हने घर जाळलं. माझा दीर झिपरू याने ते बाजारापर्यंत पोचवलं. सुनंदालाही ते खरं वाटलं. आजही ती बाहेर निघाली की उंबऱ्यावरून मागे फिरते, स्टोव्हला हात लावून बघते. मी समोर बसलेली असते आणि गप्प राहते.

५. झिपरूला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही म्हणतात, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावलं. इथवर ऐकून तो म्हणाला, "वहिनी, हाई कसाले लिखी राहिनी? बठ्ठं मिटी गय ना आते."

सगळं मिटलं म्हणतो! मी म्हटलं, "तुनासाठे मिटनं व्हई. तिनासाठे नही."

६. हे कलम माझ्यामागे गावच्या चावडीवर मोठ्याने वाचावं आणि झिपरूने वाचावं. त्या दिवशी कापसाच्या राशीची पूजा करून पणती मी ठेवली. ती तशीच जळती सोडून मी निघून गेले. माझ्या दिव्याने माझा मुलगा गेला, हे मला तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून मी सुनेवर येऊ दिलं. काडेपेटी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले होते. ती स्टोव्हच्या मागे होती, म्हणून स्टोव्ह मी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

सुनंदा, तो गार होता.

शेवंताबाई झुलाल पाटील, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. झिपरू पुना पाटील (सही, दुसऱ्या खेपेला केली)
२. निर्मलकुमार जैन, किराणा दुकानदार, देवपूर (सही)
लिहिणार: रुपचंद, वकिलांचे कारकून
मुक्काम देवपूर, धुळे. तारीख १२ फेब्रुवारी १९५९