वारुळाजवळचा कोरडा खड्डा

मी, विहिरी खोदणारा, वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर धडधाकट, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बायकोचे मत वेगळे असले तरी.

१. राहते घर बायकोचे. ओसरीचे छप्पर शाकारायचे मी तीस वर्षे उद्यावर ढकलले, ते आता तिने पाहावे.

२. पहार, दोन कुदळी व रहाट धाकट्या बहिणीस. तिने आयुष्यात एक घमेले उचलले नाही, नुसते बोट दाखवले. वडील पाणाड्या होते. वारूळ, उंबर, पहाटे बांधावर रेंगाळणारे धुके, यांवरून पाणी ओळखायचे त्यांनी तिलाच शिकवले. मला म्हणाले, तुझे हात चांगले आहेत. चाळीस विहिरी या हातांनी खोदल्या आणि लोक म्हणत, धाकटीचे पाणी गोड आहे. हे मी विसरलेलो नाही.

३. खालच्या वावरातला वारुळाजवळचा खड्डा कोरडा निघाला, असे मी पाच वर्षांपूर्वी सांगितले. ते खोटे होते. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता, गावच्या विहिरी आटल्या होत्या, आणि पस्तीस हातांवर माझ्या पायांखाली गार वाळू पाझरू लागली. वरून कोणी म्हणाले, "धाकटीने दाखवलंय, लागणारच." माझ्या पोटात दुखले. वर येऊन सांगितले, खडक आहे. खोदणाऱ्याचा शब्द शेवटचा, खाली उतरून कोणी पाहत नाही, हा आमच्या धंद्याचा रिवाज. दुसऱ्या दिवशी गुरे पडतील म्हणून मीच तो बुजवला.

धाकटीने माझी पावले पाहिली होती. बोटांच्या बेचक्यांत ओली वाळू होती. लोकांना ती म्हणाली, माझाच अंदाज चुकला. मला हळूच म्हणाली, "दादा, पाय पुसून घे." तेव्हापासून तिला कोणी जागा विचारत नाही आणि गाव दर उन्हाळ्यात टँकरपुढे रांग लावते. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटतो. मला ते एक दिवस जमले नसते.

४. ते वावर धाकटीस. विहिरीला तिचेच नाव पडेल, पडू द्या.

५. हे माझ्या मृत्यूनंतर वाचावे, असे मी आधी लिहिले होते. ते रद्द. काल टँकर आला नाही, आणि धाकटीने स्वतःचा अर्धा हंडा आमच्याकडे आणून ओतला. तेव्हा हे उद्या सकाळी खड्ड्यापाशी, सर्वांसमोर, तिच्यादेखत वाचावे. कलम दोनमधील पहार पाणी लागेपर्यंत माझ्याकडे राहील. बुजवलेले उकरत खाली मीच उतरणार. ते काम तिला येत नाही.

साक्षीदार: लोहार, ज्याने कालच पहारेला धार लावली.
शाळेच्या बाई, ज्या हे वाचून दाखवतील.

सही: थोरला
स्थळ: घराची ओसरी
दिनांक: यंदा विहिरी आटल्याचा चौथा महिना, मंगळवार